एकशे बारा पाकिटं

पाकिटावर पेन्सिलनं लिहायचं : तारीख, धुरा, ओली की वाळकी.
शाई उन्हानं उडते, पेन्सिल राहते.
खाली – गोळा करणारा : कुंवरसिंग सोळंके.
माझं नाव इतक्या वेळा मी कुठंच लिहिलं नव्हतं,
लिहिलं ते खोकडीच्या लेंडावर.

वेदवती मॅडम चहाच्या गाळणीत ते धुतात,
पांढऱ्या बशीत पसरतात,
चिमट्यानं एकेक कण बाजूला सारतात.
मी न धुता सांगतो.
हे पौषातलं : बोराच्या आठोळ्या, सतरा.
हे फाल्गुनातलं : उंदराचा दात, आणि भुंगेऱ्याचे पंख
अजून हिरवे चमकणारे,
पोटातून जाऊनही.

पहिलं वर्ष असं गेलं.
मग पडीत मोडून सोयाबीन आलं,
हार्वेस्टर एका रात्रीत वावर बोडकं करून गेलं,
उंदीर कुठं गेले उंदरांनाच ठाऊक.
बोरं हिरवी असतानाच सुरकुतली.
सत्तराव्या पाकिटापासून बशीत
पांढरी पिसं यायला लागली.

‘कोणाच्या कोंबड्या चोरते रे ही?’
‘चोरत नाई जी. तिले आयतंच भेटते.’

नाल्यापल्याड ठोंबऱ्यांचं शेड, वर पत्रे.
सत्तेचाळीस अंश.
दुपारी लाईन गेली की पंखे थांबतात
आणि ब्रॉयलर बसल्या जागी मान टाकतात,
शंभर, कधी दीडशे, चोची उघड्या.
सांजेला ट्रॉली खड्ड्यावर रिकामी होते.
वरून चुना टाकायचा असतो.
चुन्याला पैसे पडतात.
अंधार पडला की ती येते,
आधी वारा हुंगते,
मग खड्ड्यात उतरते.

मॅडमनी मोबाईलवर दाखवली
बर्फावरची एक पांढरी खोकड.
तिकडं बर्फाखाली उंदरासारखं काही राहतं म्हणे,
बर्फ धड टिकत नाही, तर तेही टिकत नाही.
मग ही पाखरांची अंडी पुरून ठेवते,
अस्वलामागं चालते, त्याच्या उष्ट्यासाठी.
‘तिथं उन्हाळा केवढा?’
‘दहा. बारा अंश.’
‘बाराले उन्हाळा म्हन्तेत?’
दोघंही हसलो.
नंतर पाणी पिताना डोक्यात आलं :
बर्फ गेल्यावर ती पांढरी
लपणार कशात?
आमचीला धूळ आहे.
धूळ काही संपत नाही.

बेड्यावर बापाचे फासे अजून आहेत,
पेटीत, पेटीला कुलूप.
तितराची शीळ मात्र माझ्या गळ्यातच राहिली.
आता ती मी सर्व्हेला वाजवतो.
झुडपातून तितर उत्तर देतो,
मॅडम आकडा लिहितात,
आणि आम्ही त्याला तिथंच सोडून पुढं जातो.
रोजचे साडेचारशे.
पहिल्या दिवशी बापानं विचारलं होतं,
‘मंग खाल्लं काय?’

काल पहाटे बिळापाशी पालथा पडून होतो.
पिल्लं तीन, पोटं टम्म,
एका पिसासाठी त्यांची ओढाताण चाललेली.
आई थोडी दूर, कुसळी गवतात.
कान पुढं केले तिनं, मान तिरपी,
आणि चारी पाय उचलून
उंच झेपावली
जिथं काहीच नव्हतं.
पुन्हा मागं गेली. पुन्हा उडी.
पिल्लांनी पीस टाकून बघितलं.
धाकट्यानं उडी मारली, तोंडावर आपटला.

ती गेल्यावर उचललं ते एकशे बारावं.
पिसं, चुन्याची पांढरी पूड, दोऱ्याचा तुकडा
आणि बोराची एक आठोळी.
वैशाखात.
कोणत्या बोरीखाली, किती उकरून, देव जाणे.
मी पेन्सिल थुंकीनं ओली केली,
लिहिलं : आठोळी, एक.
कुठून, याला पाकिटावर रकाना नाही.